लेटरहेड नसलेली इंटर्नशिप

मागच्या मे-जूनमध्ये मी सहा आठवडे एका दुकानात काम शिकले. दुकान कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. आकार आपल्या होस्टेलच्या दोन रूम्सएवढा. मालक, कारागीर, कॅशियर आणि शिपाई मिळून माणूस एकच. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणते. तिथे अक्षरं कोरायचं काम चालतं. इलेक्ट्रिकल पॅनलवरची लेबलं, पंपाच्या आणि मशीनच्या नेमप्लेट, ट्रॉफीखालच्या पितळी पट्ट्या, कधीतरी एखाद्या साच्यात उलटी अक्षरं. आणि कोरायचं हाताने, पँटोग्राफ मशीनवर.

कॉलेज सुरू झाल्यावर इंटर्नशिपचा फॉर्म घेऊन गेले. उत्तर मिळालं: कंपनीचं लेटरहेड, जीएसटी नंबर, एचआरची सही आणि शिक्का. काकांची उलाढाल इतकी नाही की जीएसटी नंबर घ्यावा लागेल. एचआर म्हणजे काय हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं. शिक्का मात्र आहे, पितळी, आणि तो त्यांनी स्वतः कोरलेला आहे! पण नुसत्या शिक्क्यावर क्रेडिट मिळत नाहीत.

तर मित्रहो, मी रडगाणं गायला बसलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दुकानात मी जे शिकले ती इंटर्नशिप आहे, आणि आपल्या फॉर्ममध्ये बसणाऱ्या बऱ्याच गोष्टी इंटर्नशिप नाहीत. पैसे भरायचे, होस्टेलच्या कॉटवर लोळत व्हिडिओ बघायचे, क्विझमध्ये चार पर्यायांपैकी एकावर क्लिक करायचं, की रंगीत सर्टिफिकेट मेलवर हजर. हे कुणाला माहीत नाही? विद्यार्थ्यांना माहीत आहे, सरांना माहीत आहे, मेसवाल्या मावशींनासुद्धा माहीत आहे. पण कागद पूर्ण असतो, त्यामुळे कुणी काही विचारत नाही.

दुकानात काय शिकले ते आता जरा सविस्तर सांगते, कारण ते न सांगता नुसतं "खूप शिकायला मिळालं" म्हणण्यात काही अर्थ नाही.

पँटोग्राफ आपल्याला अनोळखी नाही. 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्ये लोअर पेअर्सच्या चॅप्टरला खुर्मींच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच तो भेटतो. चार दांड्यांचा समांतरभुज चौकोन, एक स्थिर बिंदू, एक ट्रेसर. आपण आकृती पाठ करतो, सिमिलर ट्रँगल्सचं प्रूफ लिहितो आणि पुढच्या मेकॅनिझमकडे वळतो. ही युक्ती जुनी आहे. ख्रिस्तोफ शायनर नावाच्या जर्मन पाद्र्याने साधारण १६०३ मध्ये ती चित्रं लहान-मोठी करण्यासाठी शोधली आणि १६३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी भांडला तोच हा शायनर. पुढे जेम्स वॉटने १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या पॅरलल मोशनमध्ये हाच चौकोन आहे. वॉटबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडली. निवृत्त झाल्यावर हा माणूस घराच्या माळ्यावर बसून मूर्तींच्या प्रती कोरणारी मशीनं बनवत होता. त्याचं ते वर्कशॉप लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलंय. १८८५ मध्ये अमेरिकेत लिन बॉइड बेंटनने छापखान्याच्या टाइपचे पंच कापायला पँटोग्राफ वापरला. त्याआधी असे पंच हाताने, कानशीने आणि छिन्नीने घडवायचे. आपल्याकडे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरचा देखणा देवनागरी टाइप एकोणिसाव्या शतकात तयार झाला तो अशाच हातच्या कामातून.

असो. काकांच्या मशीनवर दोन दांड्यांवर आकडे कोरलेले आहेत. चारास एक प्रमाण हवं असेल तर दोन्ही सरकते ठोकळे '४' वर आणून घट्ट करायचे. एक चारवर आणि दुसरा जरासा पुढे राहिला तर अक्षर लहान होतं पण तिरकं पडतं. का? कारण स्थिर बिंदू, कटर आणि ट्रेसर हे तिन्ही एका सरळ रेषेत राहिले तरच नक्कल खरी उतरते. ही अट मी परीक्षेत लिहिली होती. पण ती न पाळल्यावर 'म' कसा कलंडतो हे काकांनी मुद्दाम एका भंगार पट्टीवर करून दाखवलं, तेव्हा ती अट माझी झाली.

पहिले चार दिवस मोटर बंदच. कटरच्या जागी पेन्सिल, खाली कागद. वरच्या बाजूला मास्टर अक्षरं खाचेत ओळीने लावायची, त्यात ट्रेसर फिरवायचा आणि खाली कागदावर काय उमटतंय ते बघायचं. मोटर सुरू झाल्यावर एकच क्रम डोक्यात बसवायचा: आधी ट्रेसर खाचेत, मग कटर खाली. अक्षर संपलं की आधी कटर वर, मग ट्रेसर बाहेर. उजवा हात ट्रेसरवर, डावा स्पिंडलच्या दांडीवर. हे वाचायला इतकं सोपं आहे की लिहितानाही मला उगीच वाटतंय. पण पाटीवर शेवटचं अक्षर राहिलेलं असतं, गिऱ्हाईक बाहेर स्कूटर चालू ठेवून उभं असतं, फोन वाजत असतो, तेव्हा दोन हातांनी हा क्रम चुकवायचा नाही. इथे अन्डू नाही. खाच पडली की पडली, पट्टी बाद.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो हाताला लागणाऱ्या जोराने. चारास एक प्रमाणात ट्रेसर चार मिलिमीटर फिरतो तेव्हा कटर एकच मिलिमीटर सरकतो. म्हणजे हाताचं थरथरणंसुद्धा चौथा हिस्सा होऊन खाली पोचतं, म्हणून नवशिक्याचं अक्षरही बरं दिसतं. पण याची दुसरी बाजू कुठल्याच लेक्चरला ऐकली नव्हती. व्हर्च्युअल वर्कचा हिशेब करा: कटरवर जेवढा जोर येतो त्याचा चौथा हिस्साच बोटांना कळतो. खाली कटर अडलेला असतो आणि वर हात म्हणतो, सगळं ठीक! मग कळायचं कसं? काका म्हणाले, "कान कशाला दिलाय देवानं? हाताचं ऐकू नको बाळ, मशीनचं ऐक."

आणि खरंच, आवाज बदलतो. दोनरंगी प्लॅस्टिक शीटवर कटर गुणगुणतो. पितळेवर बारीक, कोरडा आवाज येतो आणि सुईसारखा कीस उडतो. ॲल्युमिनियम चिकट, ते कटरला धरतं, तिथे रॉकेलचा थेंब सोडायचा. ॲक्रिलिकवर हळू गेलं की ते तापतं, वितळतं आणि कापल्या जागी परत चिकटतं. कोपऱ्यावर क्षणभर थांबलं तर तिथे बारीक खड्डा पडतो, म्हणून सुरुवात आणि शेवट अशा जागी करायचा जिथे दोन रेघा एकमेकींना मिळतात. दोनरंगी शीटचा वरचा थर अगदी पातळ. खोली कमी झाली तर खालचा रंग नीट दिसत नाही, जास्त झाली तर रेघ जाड होते, कारण कटरचं टोक शंकूसारखं असतं. टेपर, खोली आणि रेघेची रुंदी यांचं गणित दहावीच्या ट्रिगनॉमेट्रीचं आहे, पण ते आपण अशा कामाला कधी लावलंय?

कटरला धार लावायची पाळी पाचव्या आठवड्यात आली. गोल सळई आधी बरोबर अर्ध्यापर्यंत घासून सपाट करायची. केसभर जास्त राहिली तर ती कापत नाही, घासते. मग मागचा उतार, मग टोक. नंतर भिंगाखाली बघायचं आणि अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. नखावर घसरला तर परत चाकावर. रेक अँगल आणि रिलीफ अँगल यांच्यावरचा पाच मार्कांचा प्रश्न मी दोनदा सोडवलेला आहे. त्या अँगलचा उपयोग पहिल्यांदा दिसला तो त्या नखावर.

आता जरा मराठीबद्दल, कारण संपादकांनी लेख मराठी विभागासाठी मागितलाय. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आमच्याकडे तिसरी भाषा, आठवड्याला मोजके तास. घरी बोलायचे, पण डोक्यातली एबीसीडी आधी यायची. त्या दुकानात मी पहिल्यांदा देवनागरी अक्षर मशीनचा पार्ट बघावा तसं बघितलं.

इंग्रजी मास्टर अक्षरांचे सेट तयार मिळतात. सव्वीस अक्षरं, आकडे, दोन-चार चिन्हं, खाचेत एकापुढे एक लावली की झालं. देवनागरीला ते पुरत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं. काकांनी त्यांचा सेट स्वतः केलाय. एका जुन्या पेंटरकडून मोठी अक्षरं काढून घेतली आणि जाड ॲक्रिलिकवर एकेक कोरली. शिरोरेघ त्यात नाहीच! ती वेगळी, एका सरळ खाचेच्या पट्टीवरून संपूर्ण शब्दावर एका दमात ओढायची, म्हणजे ती कुठे तुटत नाही. पण इथेच गोम आहे. 'भ' आणि 'ध' आले की शिरोरेघेतलं अंतर सोडायला कटर उचलावाच लागतो. सरळ ओढत गेलं तर 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. भोसल्यांचे मोसले, धनाजीचा घनाजी! तसंच 'ख' खालून जोडलेला नसेल तर लांबून 'रव' वाचला जातो. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यातही हीच वळणं आहेत. काकांनी शासन निर्णय वाचलेला नाही, त्यांचा सेट त्याच्याही आधीचा आहे.

साच्यातली अक्षरं आणखी वेगळी. मला वाटायचं पट्टी फिरवून लावली की अक्षर उलटं होईल. नाही होत. फिरवलेलं अक्षर डोक्यावर उभं राहतं, आरशातलं होत नाही. रोटेशन आणि रिफ्लेक्शन! त्यासाठी आरशातली मास्टर अक्षरं वेगळी करून ठेवावी लागतात. ग्राफिक्सच्या मॅट्रिक्समध्ये वजा चिन्ह कुठे बसतं यावरून आपण वर्गात वाद घालतो. काकांच्या ड्रॉवरमध्ये त्याचं उत्तर डब्यात भरून ठेवलेलं आहे.

दुकानाचा आणखी एक नियम होता. मजकूर चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, गिऱ्हाइकासमोर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायचा, खाली सही घ्यायची आणि चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवायची. 'स्मृतिचिन्ह' हा शब्द किती प्रकारे लिहिता येतो हे त्या खिळ्यावर बघायला मिळेल. "मी कोरणारा, मास्तर न्हवं," काका म्हणायचे, "पण इचारायला काय जातंय?" आणि विचारायचेच. आपल्याकडे ड्रॉइंगवर 'चेक्ड बाय'चा रकाना असतो. तो सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाच्या सहीने भरतात हे होस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही.

आता आक्षेप. मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी विचारलं, लेझरच्या जमान्यात हे शिकून नोकरी कोण देणार? पँटोग्राफ चालवायला कुणीच ठेवणार नाही, मान्य! काकांच्या शेजारच्या गाळ्यात फायबर लेझर आहे. स्टीलच्या भांड्यांवर नाव टाकायचं काम आलं की काका स्वतःच ते तिकडे पाठवतात. जुन्या मशीनचं कौतुक करत बसायला त्यांना वेळ नाही. पण शेजारचा मुलगा लेझरवर मराठी मजकूर टाकतो तेव्हा कधी सॉफ्टवेअर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवतं, कधी फाँट हिंदी वळणाचा 'ल' देतो, आणि स्क्रीनवर दिसलं ते बरोबरच असणार असं धरून तो बटण दाबतो. मग काका उठून जातात आणि बघून येतात. पीव्हीसीची शीट लेझरखाली घालू नको, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं, हेसुद्धा त्याला काकांनीच सांगितलं. अक्षर, माल आणि खोली यांची समज असलेला माणूस लेझरवरही चांगलं काम करेल. बटण कुठलं हे कळायला अर्धा दिवस पुरतो.

सरांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. दुकानात खरोखर काम केलं की मामाच्या ओळखीने चिठ्ठी आणली, हे कळणार कसं? प्रश्न योग्य आहे. फक्त तो प्रश्न लेटरहेडलाही लागू आहे. लेटरहेड छापायला फार काही लागत नाही, आणि एचआरची सही आपल्यापैकी कुणी पडताळून बघितलीय? त्यापेक्षा जॉब मागा ना. वर्कशॉप सुपरिटेंडेंट सर आणि एक प्राध्यापक, पंधरा मिनिटांची ओरल. माझ्यासमोर पट्टी ठेवा आणि विचारा: ही रेघ इथे जाड का झाली? प्रमाण किती होतं? कटर कुणी घासला, किती अंशात? ज्याने सहा आठवडे काम केलंय त्याला ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. ज्याने केलेलं नाही तो तिसऱ्या प्रश्नाला पडतो. रोजची डायरी मागा, काय काम आलं, काय बिघडलं, कसं निस्तरलं. एकदा दुकानात फोन करा. काका फोन उचलतात, मशीन बंद असलं तर!

खरी अडचण मला दिसते ती अपघाताची. पट्ट्यावर गार्ड नव्हता. गॉगल मी स्वतः नेला होता, केस घट्ट बांधून वर रुमाल. कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो, इथे काकांचं ओरडणं. उद्या कुणाच्या डोळ्यात पितळेचा कीस गेला तर कॉलेजने काय करायचं? पालकांचं संमतीपत्र, गॉगलची सक्ती, विमा, आणि पाठवण्याआधी एका शिक्षकाने दुकान बघून येणं, एवढं तरी हवं. यात प्राध्यापकांचं काम वाढतं, हे मला दिसतंय. पण आपल्या होस्टेलची निम्मी मुलं इचलकरंजी, सांगली, बार्शी, मालेगाव अशा गावांहून आलेली आहेत. प्रत्येकाच्या गावात लेथ, वायंडिंग, फाउंड्री, पॉवरलूम असं काही ना काही आहे. मोठी कंपनी सगळ्यांना मिळत नाही. ज्यांची ओळख नाही त्यांच्या वाट्याला ती व्हिडिओवाली सर्टिफिकेटं येतात, तीही पैसे मोजून. सुट्टीत घरी राहून, गावातल्याच एखाद्या कारागिराच्या हाताखाली शिकता आलं तर त्यांचे पैसेही वाचतील.

माझ्या क्रेडिटचं काय व्हायचं ते होईल. अर्ज दिलाय, सोबत सहा पट्ट्या जोडल्यात: दोन प्लॅस्टिक, दोन ॲल्युमिनियम, दोन पितळ. एका पितळी पट्टीवर 'भ' आणि 'ध' दोन्ही आहेत. त्या सध्या विभागाच्या ऑफिसात फाइलवर पेपरवेट म्हणून ठेवल्यात असं ऐकलं.

काका पुढच्या सुट्टीत एकाला शिकवायला तयार आहेत. मुलगा असो की मुलगी, ब्रँच कुठलीही. मी गेले तेव्हा "पोरीला हे काय झेपणार" असं शेजारच्या गाळ्यातून ऐकू आलं होतं, ते आता येणार नाही. वेळ सकाळी साडेनऊ. मोबाईल ड्रॉवरमध्ये, बाह्या दुमडलेल्या, गॉगल आपला आपण आणायचा. पहिल्या आठवड्यात झाडू मारावा लागेल, कारण कुठल्या धातूचा कीस कसा पडतो ते काका त्यातूनच शिकवतात. पैसे मिळत नाहीत, चहा दोन वेळा. कुणाला जायचं असेल तर लेडीज होस्टेलच्या गेटवर टी. ई. मेकॅनिकलची कोल्हापूरची मुलगी म्हणून चौकशी करा, पत्ता देते.

— एक विद्यार्थिनी, टी. ई. (मेकॅनिकल)